मीठ-हळद लावलेली गाठ

आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी मटण शिजवलं नाही, आणि मी गेली कित्येक वर्षं सोलापुरात बसून माणसाच्या मांसाच्या चकत्या करतेय. लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंना एवढंच सांगितलं होतं की मुलगी लॅबमध्ये असते. त्यांना वाटलं, रक्त-लघवी तपासत असेल, आणि तेवढ्यावरच त्या नाक मुरडायच्या. खरं कळलं तेव्हा म्हणाल्या, "म्हणजे रोज हात लावतेस?" मी म्हटलं, "हातमोजे घालून लावते." त्या दिवसापासून त्यांनी मला पुरणाला हात लावू दिला नाही. पुरण वाटायचं माझ्या अगदी जिवावर यायचं, त्यामुळे मी मान खाली घालून हा अपमान आनंदानं सोसला.

तर मी पॅथॉलॉजिस्ट. सर्जन तुकडा कापून पाठवतात, मी त्याच्या पातळ चकत्या करून, रंगवून मायक्रोस्कोपखाली बघते आणि हे काय आहे ते सांगते. त्यातही माझा जीव मानेतल्या आणि काखेतल्या गाठींवर. या गाठींच्या कॅन्सरला लिंफोमा म्हणतात, आणि लोकांना वाटतं कॅन्सर म्हणजे कॅन्सर, एकच. अहो, एकट्या लिंफोमाच्या इतक्या जाती आहेत की परीक्षेच्या वेळी त्या पाठ करताना मी आईवर वह्या फेकल्या होत्या. निरोगी गाठ कशी, गोल गोल वस्त्या आणि मधून मोकळ्या वाटा. सावकाश चालणाऱ्या जातीत या वस्त्याच माजतात, एकीला एक चिकटून गाठभर पसरतात, आणि पेशी असतात लहानखुऱ्या. ही जात औषध दिलं तरी सहसा अंगातून कायमची जात नाही, पण वर्षानुवर्षं गप्प बसते. कधी कधी डॉक्टर औषधसुद्धा देत नाहीत, नुसती नजर ठेवतात. दुसरी जात धावती. मोठमोठ्या पेशी, ना वस्ती ना वाट, सगळा गोंधळ. हिला मोकळी सोडली तर माणूस महिन्यांत हातचा जातो, पण गंमत बघा, औषधांनी मुळासकट उपटता येण्याची आशा हिच्यातच जास्त. आणखी एक जात तर आमच्याकडच्या लग्नासारखी. मांडवभर नुसते वऱ्हाडी, खरे दोषी दोघं-तिघंच, आणि ते कुठं बसलेत ते मी शोधायचं.

एका सकाळी आमची टेक्निशियन स्टीलचा डबा घेऊन आत आली. ती विणकरांच्या घरातली, घरात तेलुगू, माझ्याशी मराठी, आणि माझ्या रागाला अजिबात न भिणारी. म्हणाली, "मॅडम, कुणीतरी जेवण पाठवलंय. सुकं मटण आहे. पण एकच फोड."

डब्यात पिवळीधमक, आक्रसलेली, बोराएवढी एक वस्तू होती. अंगावर मीठ चमकत होतं. मला त्यातलं काही कळेना, पण टेक्निशियनचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "अय्यो," ती म्हणाली, "मॅडम, हे जेवण नाही."

बाहेर बाकावर डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक तिशीतला माणूस बसला होता. सांगोल्याच्या पलीकडून आलेला, घरची मेंढरं राखणारा. मी डबा त्याच्या नाकासमोर धरला.

"हे काय आहे?"

"आईच्या मानंची गाठ हाय की म्याडम. आमच्याकडच्या डॉक्टरनी काल काढली. म्हनले, सोलापूरला म्याडमकडं पोच कर."

"बाटलीत दिली होती ना? पाण्यात बुडवून?"

"व्हय. पन त्या पान्याचा लई वास, म्याडम. डोळ्यांतनं नुसत्या धारा. बायको म्हनली, एकतर ही बाटली घरात ऱ्हाईल न्हायतर मी. मग आई म्हनली, दे टाकून ते पानी. मटान टिकवायचं आमाला शिकवतेत व्हय हे?"

"कोण म्हणालं?"

"आई."

"म्हणजे जिची गाठ, तिनंच..."

"तिनंच मीठ-हळद लावली. चांगली चोळून."

माझ्या मागं टेक्निशियननं तोंडावर हात दाबला आणि ती आत पळाली. तिच्या खुर्चीचा आवाज मला ऐकू आला, बहुतेक ती तिच्यात कोसळली असावी. मला हसू आवरायचं होतं आणि त्याचा गळाही धरायचा होता. दोन्ही जमवत मी विचारलं, "उन्हात वाळत नाही ना घातलीत?"

"न्हाय न्हाय," तो मलाच धीर देत म्हणाला, "मांजर हाय ना घरात."

मग मी सुटले. त्याला म्हटलं, अरे शहाण्या, ते पाणी म्हणजे फॉर्मॅलिन होतं, त्यात गाठ जशीच्या तशी राहते. मीठ खायच्या मटणाला ठीक आहे. मला ही खायची नाही, बघायची आहे! मिठानं पेशींतलं सगळं पाणी शोषून घेतलं, आता मी काय बघू, कपाळ? एवढा मोठा बाप्या, पण त्यानं डोक्याच्या टॉवेलचं टोक डोळ्यांना लावलं, आणि माझा राग जाग्यावर विरघळला.

तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. आईच्या मानेत आधी शेंगदाण्याएवढी गाठ आली. कुणीतरी टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. गोळ्या चालू असतानाच गाठीच्या गाठी झाल्या, लिंबाएवढ्या. आता घास गिळताना अडकतो, रात्री घामानं अंथरूण भिजतं, लुगडं अंगावर राहत नाही इतकी वाळलीय. "बाप लहानपनीच गेला, म्याडम. मेंढरं, बाजार, माजं लगीन, समदं तिनंच केलं. तिच्याबिगर आमच्या घरात पान हालत न्हाय." मी डबा घेऊन आत गेले.

टाकून द्यायची गोष्ट होती, पण मी ती गाठ तरीही धुतली, कापली, रंगवली. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली पाहिलं. पेशी दिसल्या लहानखुऱ्या. वस्त्या मानल्या तर होत्या, नाही मानल्या तर नव्हत्या. आणि तेवढ्यात गाठ काढून पाठवणाऱ्या तिकडच्या सर्जनांचा फोन. "मॅडम, काय ते एकदा लिहून टाका ना. लोक गरीब आहेत, परत कापायचं म्हणजे..."

"लिहायचं तर सावकाश चालणारी जात लिहावी लागेल," मी म्हटलं. "पेशी लहान दिसतायत."

"मग झालं की! या वयात नुसतं लक्ष ठेवू. बाईंचेही हाल वाचतील."

मलाही ते गोड वाटलं, खोटं कशाला बोलू. पण फोन ठेवून मी परत बघितलं. पेशी मोठी की लहान हे आम्ही शेजारच्या साध्या, निरोगी पेशीवरून ठरवतो. इथं त्या शेजारणीसुद्धा सुकून चिंचोक्यासारख्या झाल्या होत्या. म्हणजे मिठानं सगळ्यांनाच लहान करून ठेवलेलं, आणि माझ्याकडं मापच उरलं नव्हतं. ही धावती जात असेल आणि मी सावकाश म्हणून लिहिलं, तर डॉक्टर नुसते बघत बसतील आणि बाई त्यांच्या डोळ्यांदेखत जाईल. मी सर्जनांना उलटा फोन केला. म्हटलं, मी काहीही लिहिणार नाही, दुसरी गाठ पाहिजे, आणि ती इथं सोलापुरात काढायची. ते माझ्यावर चिडले, मी त्यांच्यावर त्याहून चिडले.

बाई आली ती भांडायच्या तयारीनंच. उंच, काटकुळी, कपाळावर रुपयाएवढं गोंदण, मानेभोवती पदर घट्ट. लेक मागं मागं.

"एकदा कापून दिली की," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "आता तुला दिसत न्हाय तर माज्या मानंचा काय गुन्हा?"

"मावशी, तुम्ही तिला मीठ-हळद लावलीत!"

"मग? नासू दिऊ?"

"आता बसता का? ऐका." मी तिला बसवलं, तिच्या आक्रसलेल्या गाठीची काच मायक्रोस्कोपखाली दाखवली, शेजारी चांगल्या गाठीची काच दाखवली. तिनं एक डोळा मिटून, एक वटारून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "दोनी सारखंच दिसतंया. तू उगं कायबी सांगतीस." टेक्निशियन खोकली. मी तिच्याकडं बघितलंच नाही, नाहीतर मीच फुटले असते.

एवढ्यात लेक मला कॉरिडॉरमध्ये घेऊन गेला. हात जोडून म्हणाला, "म्याडम, काय वंगाळ निघालं तर आईला सांगू नगा. ती खचंल. मला एकट्याला सांगा." मी 'बघू' म्हणून आत आले, तर आत आईनं मला जवळ बोलावलं.

"कापून घेते," ती म्हणाली. "पन माजी एक अट हाय. खरं काय ते मला एकटीला सांगायचं. त्या पोराला न्हाय. त्यो कच्चा हाय, आताच रडतोय. आन् दवाखान्यात कुनी काय सांगाय लागलं की ह्यो आदी पुढं हुतो, मला भाईर बशिवतो. मग कसं सांगशील?"

"कसं सांगू?"

तिनं लेकाचा बाकावर पडलेला टॉवेल ओढला, माझा हात धरला आणि दोन्ही हातांवर टॉवेल टाकला. जनावरांच्या बाजारात असा भाव ठरतो, हे मी ऐकून होते. कापडाखाली गिऱ्हाइकानं विकणाऱ्याची बोटं धरायची, जितकी बोटं तितका भाव, आणि भोवतीच्या दलालांना काडीचा पत्ता लागत नाही. नवरा गेल्यावर ही बाई स्वतः मेंढरं घेऊन बाजारात उभी राहायची. पहिल्यांदा पदराखालीच हात घ्यायला निघाली, तर बापेमाणसं लाजून चार पावलं मागं सरली, म्हणून मग टॉवेल. "लाजलेलं गिऱ्हाईक भाव पाडत न्हाय," ती मला म्हणाली, आणि आजारी चेहऱ्यावर असं काही हसली की मला ती एकदम आवडून गेली.

ठरलं. एक बोट म्हणजे साधी गाठ. दोन म्हणजे कॅन्सर, पण सावकाश चालणारा. तीन म्हणजे धावता. एवढंच तिला मी समजावून सांगितलं होतं.

दुसरी गाठ काढली तेव्हा मी ऑपरेशनच्या टेबलाशी स्वतः बाटली धरून उभी होते. नुसती मान बधिर केलेली, त्यामुळं बाईचं तोंड चालूच. नव्या सर्जनला विचारलं, "लगीन झालंय का रं तुजं?" त्यानं हो म्हटल्यावर, "मग हात कशापाय लटलट कापतोय?" गाठ बाटलीत पडली, मी झाकण लावलं, ती कुणाच्याही हातात न देता रिक्षात मांडीवर घेऊन लॅबमध्ये आणली. रिक्षावाल्यानं वासानं दोनदा मागं वळून पाहिलं. मी दोन्ही वेळा डोळे वटारले.

या वेळी काचेवर काही मानून घ्यावं लागलं नाही. मोठमोठ्या पेशी, इकडून तिकडं, वस्ती नाही, वाट नाही. जागोजागी पेशी दुभंगून दोन होतायत, घाईघाईनं. पुढं मार्कर केले. मार्कर म्हणजे पेशीची जात ओळखायचे खास रंग, जुळलं तर तपकिरी होतात. ज्या जातीची शंका होती तिचाच मार्कर तपकिरी झाला. धावता. मी खुर्चीत मागं टेकले आणि मला पहिल्यांदा मीठ-हळदीचा नव्हे, स्वतःचा राग आला, कारण पहिल्या काचेवर मलाही 'लिहून टाकावं' असं वाटलं होतंच की. आणि मग भीती वाटली. त्या म्हातारीसाठी वाटली.

दोघं आली. लेक दारातूनच माझ्या डोळ्यांत बघत होता, भुवया वर करून, 'काय?' म्हणून. आई खुर्चीत बसली, टॉवेल मांडीवर. मी तिच्याजवळ बसले. "नाडी बघते," मी लेकाला म्हटलं. पॅथॉलॉजिस्ट नाडी बघत नाही हे त्याला काय माहीत. टॉवेल हातांवर पडला.

मी तीन बोटं पुढं केली.

तिची बोटं खरखरीत, गरम. तिनं माझी तिन्ही बोटं चाचपली. थांबली. मग हळूच माझं तिसरं बोट दुमडलं. भाव पाडत होती बया! मी बोट परत सरळ केलं. तिनं परत दुमडलं, या वेळी जोरात. मी परत सरळ केलं. तिचा चेहरा वर दगडासारखा, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत, आणि खाली तिचा अंगठा माझ्या त्या बोटाला रेटतोय, रेटतोय. लेक म्हणाला, "लई येळ लागतोय नाडीला."

मला ते सोसेना. बोटांनी आकडा सांगता येतो, पण हे कसं सांगू की बाई, दोनापेक्षा तीनच बरं, तिनाला उपटता तरी येतं? तू उगाच दोनावर आणायला झटतेयस! माझं डोकं फिरलं. मी टॉवेल ओढून जमिनीवर फेकला.

"पुरे झाली तुमची नाटकं!" मी ओरडले. "तू म्हणतोस आईला सांगू नका, ही म्हणते पोराला सांगू नका. मी काय करू, भिंतीला सांगू? ऐका दोघं. कॅन्सर आहे. धावणारा आहे. आणि धावणारा आहे म्हणूनच औषधांना सापडतो. सोमवारी कॅन्सरच्या डॉक्टरांकडं जायचं. केस जातील, तोंड येईल, उलट्या होतील. एकही खेप चुकवायची नाही. मेंढरं मरू देत तिकडं!"

टेक्निशियन दारात येऊन उभी राहिली होती. लेक मटकन खाली बसला आणि मोठ्यानं रडायला लागला, लहान पोरासारखा. आईनं वाकून त्याच्या डोक्यात एक टपली मारली.

"मेंढरं कशापाय मरतील?" ती मला म्हणाली. मग त्याला, "रडतोस काय? मरती का काय मी?"

तो रडतच राहिला. मग ती माझ्याकडं वळली. आवाज खाली आला होता.

"मरती का गं मी?"

आम्ही पॅथॉलॉजिस्ट कधी नुसतं 'हो' किंवा 'नाही' लिहीत नाही. 'शक्यता वाटते', 'सुसंगत आहे', 'रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे', अशी लोणी लावलेली वाक्यं आम्हाला कॉलेजात शिकवतात, आणि ती खरी असतात म्हणूनच शिकवतात.

"बहुतेक नाही," मी म्हटलं.

"बहुतेक काढ."

मी तिच्याकडं बघितलं. तिची नजर माझ्यावर रोखलेली. मानेत गाठी, हाडांची मोळी, आणि समोर रडणारा पोरगा.

"काढलं," मी म्हटलं. "मरत नाहीस तू."

"हां," ती म्हणाली, आणि पदर सारखा करून उठली. "चल रे. सोमवारी याचंय."

ते गेले, आणि काढलेलं 'बहुतेक' माझ्याकडंच राहिलं. पुढचे कितीतरी महिने ते तसंच होतं. दर खेपेनंतर मी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करायचे, आणि ते नमस्कार म्हणायच्या आत मीच विचारायचे, "गाठी?" ते म्हणायचे, कमी होतायत. एकदा म्हणाले, ताप आलाय, भरती केलंय. त्या आठवड्यात मी घरात सगळ्यांशी भांडले, दूधवाल्याशीसुद्धा. लेकानं एकदा मोबाईलवर फोटो पाठवला. आईचं डोकं तुळतुळीत, हातात काठी, आणि मागं मेंढरं, जिवंत.

औषधं संपली, स्कॅन झाला. डॉक्टरांचा फोन आला तेव्हा मी कुणाची तरी दुसरीच गाठ बघत होते.

"मॅडम, तुमच्या बाईंचा स्कॅन साफ आला. सध्या तरी कुठं काही दिसत नाही."

"सध्या तरी काढा!" मी खेकसले.

मग ते हळूच म्हणाले, "ते नाही काढता येत हो."

ते मला त्यांच्याहून जास्त ठाऊक होतं. मी फोन कानाला तसाच धरून रडत राहिले.